दोनशे सेहेचाळीस एच

छापखान्यात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. दुसरी बाई तिथं कामाला नव्हती, त्यामुळे नावाची गरज कुणाला पडली नाही. लोखंडी सामानाच्या दुकानावर आमच्या चार खोल्या. खाली दिवसभर सळया आपटायच्या, वर आमचं गणित चालायचं. म्हणजे गणिताची पुस्तकं. विद्यार्थ्यांसाठी सोडवलेली उदाहरणं, सरावाची उदाहरणं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उत्तरं. बाई ती कॉम्प्युटरवर टाइप करायच्या, मी प्रूफं वाचायचो, आणि पलीकडच्या दोन खोल्यांत छपाई आणि बांधणी.

बावीस वर्षं बाईंनी गणित टाइप केलं आणि त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. हे त्या स्वतःच सांगायच्या. शाळेत गणितात काठावर पास झालेल्या. पण हात असा बसलेला की नजर कागदावर आणि बोटं आपली आपण. चिन्हांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. इंटिग्रेशनची ती लांब वळलेली खूण म्हणजे ‘गळ’, थीटा म्हणजे ‘कमरपट्टा’, वर्गमूळ म्हणजे ‘छप्पर’. “भाऊ, तिसऱ्या ओळीत छप्पर लांब झालंय का बघा,” असं त्या मला म्हणायच्या, आणि खरंच ते एक अक्षरभर पुढे गेलेलं असायचं.

मी तर त्यांच्याहून कोरा. प्रूफ वाचायचं म्हणजे डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे छापील पान, आणि दोन्हींत फरक आहे का एवढंच पाहायचं. अर्थाशी आपला संबंध नाही, असं मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

मी सांगतोय ते घडलं तेव्हा बाई सत्तेचाळीसच्या होत्या. उजवा खांदा कायम धरलेला. नवरा मालट्रक चालवायचा, महिन्यातून दोनतीनदा घरी यायचा आणि आला की झोपायचा. मूलबाळ नाही. घरी सासू, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. सकाळी सासूचं सगळं आवरायचं, शेजारणीकडे किल्ली ठेवायची आणि साडेनऊला कामावर यायचं. यायच्या त्याच दमलेल्या. “आत्ताच तर दिवस सुरू झालाय, बाई,” असं मी एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुमचा. माझा अर्धा संपला.”

त्या वर्षी मालकांनी पहिल्यांदाच वरच्या वर्गाचं पुस्तक हातात घेतलं. लेखक एक निवृत्त प्राध्यापक, सत्तरीच्या पुढचे. त्यांचे हात थरथरायचे. ओळ सरळ निघायची आणि मध्येच अडखळायची, अक्षरांच्या शेपट्या नको तिथं लांबायच्या. पुस्तक सगळं इंटिग्रेशनचं. बाईंनी आठ प्रकरणं निभावून नेली. साइन, कॉस, टॅन, सगळी ओळखीची मंडळी. नवव्या प्रकरणात मात्र साइनच्या शेवटी एच यायला लागला. कॉसलाही एच, टॅनलाही एच. कुठे असायचा, कुठे नसायचा.

बाईंनी आधी इमानेइतबारे जसाच्या तसा टाइप केला. मग त्यांचा हात थांबला. बावीस वर्षांत साइनला एच लागलेला त्यांनी पाहिला नव्हता. ही थरथरत्या हाताची शेपटी असणार, असं त्यांना वाटलं. विचारावं तर प्राध्यापक आजारी, दवाखान्यात. त्या मालकांकडे गेल्या. मालक फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटतं ते करा बाई, पण फाइल मला आज द्या.”

बाई जागेवर येऊन बसल्या आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं एच लावलाय तिथं तिथं काढ. काही क्षणांचं काम. किती बदल झाले ते पडद्यावर आलं, ते त्यांनी सवयीनं आपल्या वहीत टिपलं. दोनशे सेहेचाळीस. फाइल त्याच नावानं सेव्ह केली आणि बस पकडायला गेल्या.

दोन महिन्यांनी पुस्तक बांधून तयार झालं. पहिल्या प्रती लेखकाकडे गेल्या आणि चौथ्या दिवशी प्राध्यापक स्वतः जिना चढून आले. दोन पायऱ्या चढायच्या आणि थांबायचं, असं करत. बाईंच्या टेबलासमोर खुर्ची घेऊन बसले, नववं प्रकरण उघडलं आणि शांतपणे विचारलं, “बाई, एच कुठे गेला?”

“काढला,” बाई म्हणाल्या.

“का?”

“मला वाटलं, चुकून लागलाय.”

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाई नंतर मला म्हणाल्या. त्यांनी फक्त दोन पानं दाखवली. “इथं एक्केचाळीस पानावर छापलंय, कॉस वर्ग अधिक साइन वर्ग बरोबर एक. आणि इथं दोनशे बारावर, कॉस वर्ग वजा साइन वर्ग बरोबर एक. दोन्ही एकाच पुस्तकात. वाचणाऱ्यानं काय करायचं?”

“एच लावला की दुसरं बरोबर होतं?”

“एच लावला की ते दुसरेच लोक होतात, बाई. नावं सारखी, घराणं वेगळं.”

रागवायचं काम मालकांनी केलं. ते बोलून झाल्यावर ठरलं की ते एक प्रकरण, बत्तीस पानं, पुन्हा छापायचं आणि प्रत्येक प्रत उसवून नवी पानं आत घालायची. कॉलेजं उघडायला महिना होता. मालक म्हणाले, “लावा परत सगळे एच.”

“सगळीकडे नाही लावता येणार,” प्राध्यापक म्हणाले. “त्या प्रकरणात दोन्ही आहेत. तेच उदाहरण एकदा साध्या साइन-कॉसनं सोडवलंय आणि एकदा एचवाल्यांनी. कुठली वाट कधी जवळची, ते दाखवायचं होतं.”

हस्तलिखित पाहावं, तर ते रद्दीत गेलेलं. खोल्या चार आणि कागद डोंगराएवढा, त्यामुळे छपाई झाली की हस्तलिखितं आणि प्रूफं महिन्याभरात विकायची, असा आमचा शिरस्ता होता. जुनी फाइल उरली नव्हती. प्राध्यापकांकडे दुसरी प्रत नव्हती आणि डोळ्यांत मोतीबिंदू. छापील मोठे आकडे दिसायचे, वर चढवलेले बारीक घात दिसायचे नाहीत. शेवटी असं ठरलं की आठवड्यातून तीन दुपारी त्यांनी यायचं, बाईंनी एकेक ओळ वाचून दाखवायची आणि त्यांनी एच आहे की नाही ते सांगायचं.

पहिल्या दुपारी मी शेजारच्या टेबलावर होतो. बाई वाचायला लागल्या. “गळ. मग भागाकाराची रेघ, वर डीएक्स, खाली छप्पर, छपराखाली एक्सवर दोन, अधिक, एवर दोन. मग बरोबर. मग गळ, आणि मग कमरपट्टा…” प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, झोप लागली. पाहतो तर ते हसत होते, आवाज न करता, पोट हलवत. पण दोन तासांत दीड पान झालं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. जायला उठले आणि परत बसले.

“असं केलं तर मी संपेन, प्रकरण संपायचं नाही. त्यापेक्षा तुम्हीच शिका, बाई.”

“मी?”

“आता दुसरं कोण आहे?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रुफात मान घातली.

असं ते शिकणं सुरू झालं. आवड म्हणून नाही, हौस म्हणून तर नाहीच. त्यांनी चूक केली होती आणि ती निस्तरायला दुसरा रस्ता नव्हता, एवढंच.

विकलनाचे, म्हणजे डिफरन्सिएशनचे, मोजके नियम त्यांनी पहिल्या आठवड्यात घोकून पाठ करून घेतले. मग गळ आला. विकलनानं जे झालं ते उलटं करून मूळ काय होतं ते शोधायचं, असं त्याचं काम. प्राध्यापक बोलायचे आणि बाई बांधणीच्या छाटणीतून निघालेल्या लांबट कागदांवर लिहायच्या.

“छप्पर ही आपली अडचण आहे,” ते म्हणाले. “छपराखाली दोन वर्ग आहेत, मध्ये अधिक किंवा वजा. ते छप्पर ओढून निघत नाही. मग काय करायचं, एक्सला थोडे दिवस रजेवर पाठवायचं आणि त्याच्या जागी बदलीचा माणूस आणायचा. असा माणूस, की तो आल्यावर खालच्या दोन वर्गांचा मिळून एकच वर्ग होईल. एकट्या वर्गावर छप्पर टिकत नाही.”

“आणि काम झालं की?”

“काम झालं की एक्सला परत बोलवायचं. उत्तर त्याच्याच नावानं द्यायचं. बदलीच्या माणसाच्या नावानं दिलं तर मार्क कापतात.”

“बदलीला कोण आणायचा, ते कसं कळायचं?”

“छपराखाली काय आहे त्यावरून. ए वर्गातून एक्स वर्ग वजा असेल तर साइन. दोन्हींची बेरीज असेल तर टॅन. एक्स वर्गातून ए वर्ग वजा असेल तर सेक.”

तिन्हींसाठी ते काटकोन त्रिकोण काढायला जायचे. हात थरथरून त्रिकोणाच्या बाजू जिन्याच्या पायऱ्यांसारख्या निघायच्या. दुसऱ्या दिवसापासून बाईच पट्टी घेऊन काढायला लागल्या. ते सांगायचे, “भिंतीला शिडी टेकवलीय. शिडीची लांबी ए. भिंतीवर ती एक्स उंचीला टेकलीय. मग तिचा पाय भिंतीपासून किती लांब? तेच तुमचं पहिलं छप्पर.” बाई शिडी काढायच्या, बाजूंना नावं द्यायच्या. चुकायच्या. खोडायच्या. एक्सच्या जागी दुसरा आणला की मागचा डीएक्ससुद्धा बदलावा लागतो, हे त्या पहिल्या काही बैठकांत दर वेळी विसरल्या. प्राध्यापक दर वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणायचे, “शेपटी राहिली.”

घरी त्या सासूचे पाय चोळता चोळता पाठांतर करायच्या. ही हकीकत त्यांनीच मला चहाच्या वेळी सांगितली. संध्याकाळी त्यांचं पुटपुटणं ऐकून सासूनं विचारलं, “कुणाला शिव्या देतेस?”

“कुणाला नाही, आई. गणित आहे.”

“या वयात? कशाचं?”

बाईंना वाटलं, सांगून काय उपयोग. पण म्हातारी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, बोलायला कुणी नाही. म्हणून त्यांनी सांगितलं. आहे तसं काम करता येत नाही, म्हणून सगळं दुसऱ्या रूपात न्यायचं, तिथं काम उरकायचं आणि पुन्हा पहिल्या रूपात आणायचं.

सासू जन्मभर शिवणकाम केलेली बाई. पन्नास वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवले. ती म्हणाली, “म्हणजे कापड उलटं करून शिवायचं आणि मग सुलटं करायचं. त्यात शिकायचंय काय एवढं?”

“मी मधे मधे विसरते, आई. एक बदललं की दुसरंही बदलायचं असतं.”

“कापड बदललं की दोरा बदलावा लागतोच. दुसऱ्या कुशीला वळव मला.”

बाई म्हणाल्या, त्या दिवसापासून शेपटी विसरली नाही. सासूनं मात्र पुन्हा कधी गणिताची चौकशी केली नाही. तिला दुखत असायचं.

दुसऱ्या आठवड्यात प्राध्यापक एचवर आले. “दोन वर्गांची बेरीज असेल तर टॅन आणा म्हटलं मी. पण ती वाट लांबची. तिथं पुढे सेकचं इंटिग्रेशन येतं आणि घाम काढतं. त्याऐवजी साइन एच आणला तर दोन ओळींत काम होतं. कारण एचवाल्यांमध्ये कॉसचा वर्ग म्हणजे एक अधिक साइनचा वर्ग. बेरीज आयती तयार.”

“त्यांचा त्रिकोण कसा काढायचा?”

“त्यांना असा त्रिकोण नसतो.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलेली जाड तार मध्ये झोळ खाऊन लोंबत होती. “तो झोळ दिसतोय? तो कॉस एचचा आकार. आणि फरक लक्षात ठेवायचा असेल तर असा ठेवा. साधे साइन-कॉस वर्तुळावर फिरतात. कितीही लांब गेले तरी फिरून घरी येतात. एचवाले एकदा निघाले की निघाले.”

बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “आमच्याकडे आहे एक एचवाला. ट्रक चालवतो.”

पहिलं उदाहरण त्यांनी एका रविवारी एकटीनं सोडवलं. दोन्ही वाटांनी. टॅननं उत्तर लॉगमध्ये आलं, साइन एचनं उत्तर साइन एचच्याच उलट्या रूपात आलं. दोन्हींचं तोंड एकमेकांशी जुळेना. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत पाच वेळा केलं. सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी कागद प्राध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी कागद डोळ्यांशी नेला, बाईंकडून ओळी वाचून घेतल्या आणि म्हणाले, “दोन्ही बरोबर आहेत. ही एकाच उत्तराची दोन रूपं. जो थोडा फरक आहे तो शेवटी मिळवतात त्या सीमध्ये, त्या स्थिर आकड्यात, जातो.”

“आधी सांगायचं ना. माझा रविवार गेला.”

“माझे चाळीस वर्षांचे गेले,” ते म्हणाले.

एच परत लावण्याचं काम तिसऱ्या आठवड्यात वेगात आलं, कारण बाईंना एक खूण सापडली. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. साध्या कॉसचं विकलन केलं की उणे साइन येतो, वजाची रेघ घेऊन. कॉस एचचं केलं की साइन एच येतो, वजा नाही. म्हणजे जिथं कॉसमधून साइन निघालाय आणि मध्ये वजा दिसत नाही, तिथला एच गेलाय. त्यांनी ते मला सांगितलं, प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, “हो. तो असाच ओळखायचा.” मग ते यायचे ते बहुतेक नुसते बसायला. बाई ओळ वाचायच्या, स्वतःच एच लावायच्या आणि पुढे जायच्या. गळ आता इंटिग्रल झाला होता, कमरपट्टा थीटा झाला होता. छप्पर तेवढं छप्परच राहिलं.

मशिनवर पानं चढवायच्या आदल्या दुपारी बाईंनी मोजणी केली. वहीत आकडा होता दोनशे सेहेचाळीस. लागले होते दोनशे त्रेचाळीस. तीन कमी.

त्यांनी बत्तीसच्या बत्तीस पानं पुन्हा तपासली. प्रत्येक सोडवलेलं उदाहरण जागेवर बरोबर येत होतं. प्राध्यापकांना त्या दिवशी ताप होता, ते आले नव्हते. चार वाजले, पाच वाजले. मालक दारातून दोनदा डोकावून गेले. बाईंनी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. म्हणाल्या, “भाऊ, मला आता सगळीकडे एच दिसतोय आणि कुठेच दिसत नाहीये.”

मी म्हणालो, “द्या इकडे.”

मला काय कळणार होतं? मला एकच गोष्ट ठाऊक होती, वजाची. सोडवलेल्या उदाहरणांकडे मी गेलोच नाही, ती त्यांनी केली होती. मी प्रकरणाच्या शेवटची सरावाची उदाहरणं घेतली, जी सोडवलेली नव्हती. एक बोट प्रश्नावर, एक बोट प्रकरणाच्याच शेवटी छापलेल्या उत्तरावर, अशी आयुष्यभराची माझी पद्धत. चौदाव्या प्रश्नात होतं, कॉसचा तिसरा घात गुणिले साइन. उत्तर, कॉसचा चौथा घात भागिले चार. पुढे मागे वजा कुठेच नाही.

“बाई, हे बघा. इथं वजा पाहिजे ना?”

त्यांनी डोळे उघडले, कागद ओढला, उत्तराचं विकलन करून पाहिलं. साध्या कॉसनं केलं तर वजा येत होता आणि प्रश्नाशी जुळत नव्हतं. एच लावून केलं, जुळलं. प्रश्न एचशिवायही सुटत होता आणि एच लावूनही, म्हणून त्यांच्या नजरेतून निसटला होता. फक्त उत्तर बोलत होतं. प्रश्नातल्या कॉसला एक, साइनला एक, उत्तरातल्या कॉसला एक.

“तीन,” त्या म्हणाल्या. बस, तेवढंच. तिन्ही एच लावले, फाइल मालकांना दिली आणि परत येऊन बसल्या. उठून घरी जायचंही त्राण नव्हतं. खाली सळयांचा आवाज थांबला होता, दुकान बंद होत होतं.

मला तेव्हा बोलावंसं वाटलं. तीन आठवडे ते माझ्या पोटात होतं. मी म्हणालो, “बाई, त्या प्रकरणाचं प्रूफ मी वाचलं होतं. हस्तलिखितात एच होता, तुमच्या पानावर नव्हता. मला दिसला होता फरक. पहिल्याच पानावर दिसला होता.”

त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, “वाटलं, तुम्ही जाणूनबुजून काढला असेल. विचारायला यायचं म्हणजे उठावं लागणार होतं. दिवसातलं शेवटचं प्रूफ होतं ते. मी दमलो होतो.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“तुमचं प्रूफ माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्या साइनच्या पुढे पेन्सिलीचा ठिपका होता. तुम्ही खूण करायला पेन्सिल टेकवलीत आणि उचललीत. मला वाटलं, जाऊन विचारावं, भाऊ इथं अडलेत का.”

“मग विचारलं का नाही?”

“मीही दमले होते,” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवी घेतली आणि बस पकडायला गेल्या.

नवी पानं घातलेलं पुस्तक वेळेवर गेलं. कुणाची तक्रार आली नाही, कुणाची शाबासकीही आली नाही. प्राध्यापकांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं येणं थांबलं. इथंच सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. पण बाईंचं काम मंदावलं. पूर्वी दिवसाला बारा पानं व्हायची, आता आठ व्हायला लागली. मालकांनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, “आता वाचलं जातं.” मालकांना ते समजलं नाही. बाईंनी मला समजावलं होतं. पूर्वी ओळ डोळ्यांतून बोटांत उतरायची, मध्ये कुठे थांबायची नाही. आता ती डोक्यात थांबते. बदलीला कोण आणलाय, शेपटी बदलली का, एक्स परत आला का, हे पाहिल्याशिवाय बोटं हलत नाहीत. “नको असताना होतं, भाऊ. न वाचता टाइप करायचा प्रयत्न केला मी. नाही जमत.”

त्यातून वर्षभर कटकट झाली. मग माझी नजर अधू झाली, मी नोकरी सोडली आणि मालकांनी बाईंना माझ्या टेबलावर बसवलं. टाइप करायला दुसरा माणूस ठेवला. बाई प्रूफं वाचायला लागल्या आणि पुस्तकांतल्या उत्तरांच्या चुका पकडायला लागल्या. लेखकांना ते पहिल्या पहिल्यांदा आवडलं नाही. पुढे सवय झाली.

दोन वर्षांनी मी सहज म्हणून गेलो होतो. जिना चढताना आता मीही दोन पायऱ्यांनंतर थांबत होतो. बाई माझ्याच खुर्चीत बसल्या होत्या, केस बरेच पिकलेले. सासू याच वर्षी गेल्याचं त्यांनी सांगितलं. शेवटचे चार महिने फार वाईट गेले. नवरा तेव्हाही बाहेरच होता.

“आता संध्याकाळी वेळ असतो,” त्या म्हणाल्या. “पण वेळ असून काय करायचं, डोकं चालत नाही. घर फार शांत आहे.”

मी विचारलं, “गणित सुटलं का मग?”

त्यांनी खण उघडून छाटणीच्या कागदांचा एक गठ्ठा काढला. दोन्ही बाजूंनी भरलेला. “एक वजा एक्स वर्ग, छपराखाली, आणि ते सगळं भागाकारात. हे मला आता झोपेतही येतं. साइन आणला की सुटलं. मध्यंतरी सहज वाटलं, दोनाच्या जागी चार टाकून बघू. एक वजा एक्सचा चौथा घात. बाकी सगळं तेच. अकरा दिवस बसले, भाऊ. साइन आणून पाहिला, टॅन आणून पाहिला, सगळे एचवाले आणून पाहिले. छप्पर एकीकडून काढलं की दुसरीकडून उगवायचं. शेवटी काल प्राध्यापकांना फोन केला.”

“काय म्हणाले?”

“विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं आहे? म्हटलं, कुठल्याच नाही, मीच केलंय. मग म्हणाले, बाई, हे सुटत नाही. आपल्याकडची सगळी माणसं एकदम कामाला लावली तरी नाही. आणि सुटत नाही हे कुणी उगीच म्हणत नाही, ते सिद्ध झालेलं आहे.”

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असणार. अकरा दिवस म्हणजे काही थोडे नाहीत, आणि तेही त्या घरात, तशा संध्याकाळी. मी तसं म्हणालो.

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “अकरा दिवस मी समजत होते, माझंच काहीतरी चुकतंय.” गठ्ठ्याला त्यांनी दोरी गुंडाळली. “काल लवकर झोप लागली मला.”

मग त्यांनी खांदा चोळला, चष्मा पुसला आणि पुढचं प्रूफ ओढलं. मी चहा सांगायला खाली गेलो.